चार इंद्रियांचा विषय

आमचे शेजारी आण्णा मगदूम चपलेत पाय घालण्याआधी चप्पल उलटी करून हलकेच झटकतात, खुर्चीवर बसण्याआधी तिच्यावरून पंचा फिरवतात, आणि बोलता बोलता मध्येच थांबून समोरच्याच्या कॉलरवरची मुंगी बोटावर घेऊन कुंपणापर्यंत पोचवून येतात. परत आल्यावर मूळ विषय त्यांना आठवत नाही. मुंगी मात्र सुखरूप असते.

जैन शास्त्रात जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून होते. झाडाला एक, जंताला दोन, मुंगीला तीन, माशीला चार, माणसाला पाच. आण्णा सगळं जग याच मापानं मोजतात. साखर कारखान्याच्या एका संचालकाबद्दल ते मला म्हणाले होते, "पाच मिळाल्यात, पण कान वापरत न्हाई."

उसाच्या मुळाशी हुमणीची अळी लागली की या शास्त्राची पंचाईत होते. त्या दिवशी आण्णा सकाळीच मंदिरात जाऊन बसतात आणि औषध वाटेकरी टाकतो. हुमणीला इंद्रियं किती, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. शेजारधर्म आहे.

त्यांची मुलगी त्रिशला बी.एस्सी. झाली आणि पुढं कोणत्या शाखेत एम.एस्सी. करायचं हा प्रश्न आला, तेव्हा आण्णांनी तेच माप काढलं. मत्स्यशास्त्र ऐकताच त्यांनी कानांवर हात ठेवले. सूक्ष्मजीवशास्त्राला म्हणाले, "दिसत न्हाईत म्हणून मरत न्हाईत व्हय?" वनस्पतिशास्त्र तेवढं पास झालं. एकच इंद्रिय, शिवाय सांगलीच्या कॉलेजात सोय, एसटीनं रोज जाऊन-येऊन.

त्रिशलाला मधमाश्या हव्या होत्या. त्यांचा अभ्यास बंगळूरला होता, तिथं प्रवेशही मिळाला होता, आणि त्याच आठवड्यात होकार कळवायचा होता. ती माझ्याकडे आली. "काका, तुमीच सांगा आण्णांना. माझ्याशी बोलंनात."

मी तयारीनं गेलो. मधमाश्या मारायच्या नसतात, फुलापाशी बसून पाहायच्या असतात, त्या नसतील तर सूर्यफुलात दाणा भरत नाही, असं बरंच सांगितलं. अभ्यासासाठी काही मराव्या लागतील, हे त्रिशलानं मध्येच कबूल करून माझं निम्मं भाषण पाण्यात घालवलं. खोटं बोलणं या घरात कुणालाच जमत नाही.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग पंच्याची घडी घालत म्हणाले, "आसंल. पण तिथनं आठवड्याला घरी येता येतंय का?"

त्रिशला बारावीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून घरात दोघंच. आणि आम्ही सगळे आपले इंद्रियं मोजत बसलो होतो.

"न्हाई आण्णा," त्रिशला म्हणाली. "दिवाळीला येईन."

आण्णांनी घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली. "मधाला तोंड लावायचं न्हाई," ते म्हणाले. मध त्यांच्यात वर्ज्य. "बाकी काय बघायचं ते बघ."

ती गेली त्याच आठवड्यात चौकात आण्णांच्या खर्चानं फ्लेक्स लागला. त्रिशलाचा फोटो, खाली 'गावची शान', आणि कोपऱ्यात मधमाशीच्या जागी टपोरी घरमाशी. मी चूक दाखवली. आण्णांनी मान वर करून माशी निरखली. "ऱ्हाऊ द्या सर. ती बी चार इंद्रियांचीच हाय."

आता कडेगावपासून वडूजपर्यंतच्या पाहुण्यांना ते फोन करून सांगतात, "आमची पोरगी चार इंद्रियांत हाय." ही कसली तरी बढती असावी, अशा समजुतीनं पाहुणे अभिनंदन करतात. आण्णा ते घेतात.

दिवस मावळल्यावर ते जेवत नाहीत. परवा गेलो, तर अंगणात अजून चांगलं ऊन होतं आणि त्यांचं ताट वाढलेलं होतं. इतक्या लवकर का, मी विचारलं.

"बंगळूरला दिवस आपल्या आधी मावळतोय," आण्णा भाकरी मोडत म्हणाले. "ती तिकडं बसली की मी हिकडं बसतो."