धरणाला घाबरणारी सावली

केतकी भोईटेने विमान धरणावरून नेऊन सुखरूप परत आणलं, पण तिची सावली याही खेपेला काठावरच थांबली, म्हणून तिला नापास करण्यात आलं.

नियम साधा होता. एकट्याने करायच्या उड्डाणात वैमानिकाने वरून आणि त्याच्या सावलीने खालून, दोघांनीही पूर्ण अंतर कापायचं. विमानाची सावली यात धरत नसत, ती उड्डाणशाळेच्या मालकीची.

"उतरलीस झकास," परीक्षक कॅप्टन धारप हळहळत म्हणाले. "पण ती पंपहाउसपाशी बसून राहिली. आता एकच संधी उरली बघ. तिसऱ्यांदा नापास झालीस की परवाना विसरायचा."

सावली संध्याकाळी दुधाच्या टेम्पोतून परत आली. केतकी तिच्याशी बोललीच नाही. शाळेत असल्यापासून तिला विमानाशिवाय दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि घरचीच सावली नाट लावत होती. तिने चिडून आईला फोन केला.

"चार वर्षांची असताना तू विहिरीत वाकली होतीस," आई म्हणाली. "तुला मी फ्रॉकला धरून मागं ओढलं. सावली पडली आत. तिच्याकडं कुणी बघितलंच नाही गं. आपली आपण वर आली बिचारी."

केतकीला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ही निमूट तिच्याबरोबर चालत आली होती, एका शब्दाने काही बोलली नव्हती.

मग रोज सकाळी, सावल्या लांब असताना, ती पाठीवर ऊन घेऊन धरणाच्या काठावर उभी राहू लागली. पहिल्या दिवशी सावलीचं डोकं पाण्याला लागलं आणि झटक्यात मागे आलं. पाचव्या दिवशी खांदे भिजले. "मी आहे ना," म्हणत केतकी स्वतःही घोट्यापर्यंत उतरायची. दहाव्या दिवशी सावलीने हात मारले.

परीक्षेच्या दिवशी धरण आलं तेव्हा केतकीने विमान जमेल तितकं हळू नेलं. ती उतरली तेव्हा पायाशी काहीच नव्हतं. नियमाप्रमाणे वीस मिनिटं थांबायचं होतं. धारप घड्याळ बघत राहिले. केतकी फाटकाकडे.

एकोणिसाव्या मिनिटाला सावली फाटकातून आली, निथळत, धापा टाकत.

"पोहून?" धारपांनी विचारलं.

"हो, सर."

"पुलावरून आली असती तरी चाललं असतं," ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

सगळे जेवायला गेले. केतकी मात्र सावली वाळेपर्यंत उन्हात उभी राहिली.