डोमाजीच्या बांधीतली रोवणी

महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी, रोवणीच्या पहिल्या दिवशी, डोमाजीच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाच्या रोपांची पहिली पेंढी त्याच्या विधवा सुनेने लावली. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात हा मान सवाशिणीचा.

डोमाजी माझा शेजारी. कुणी कुणाला टोचून बोलले, की तो कानामागे हात धरून पुढे सरकायचा. "अखीन एकडाव बोल. मले नाही ऐकू आला." कान त्याचे तल्लख होते. बांधीचे पाणी फुटले तर त्याचा आवाज त्याला घरात ऐकू यायचा. गावच्या पाटलाने लंगड्या कोतवालाची नक्कल केली, तेव्हा डोमाजी नक्कल पुन्हा कर म्हणून बाजारभर पाटलाच्या मागे फिरला. एका लग्नाच्या पंगतीत वरबाप आपल्या नव्या सुनेच्या रंगावर बोलला, तर हा भात निवेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिला. दुसऱ्यांदा बोलणे कुणालाच जमत नसे. लोक त्याला बहिरा डोमा म्हणत. तो दिसला की जीभ आवरत. पंगतीला बोलावणेही हळूहळू बंद झाले.

त्याचा एकुलता मुलगा आदल्या वर्षी तापाने गेला. सुनेने नवरा खाल्ला, असे बायका विहिरीवर म्हणत. सून, सायत्रा, मग भर उन्हात पाणी भरू लागली, विहिरीवर कुणी नसताना. डोमाजीला हे कळले तेव्हा रोवणी तोंडावर आली होती. पहिली पेंढी त्याने तिलाच लावायला सांगितली.

सायत्राने पेंढी लावताच रोवणाऱ्या बायका चिखलातून धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, चढल्या. त्यांची पुढारीण कौसाबाई. पीक जळेल, ती म्हणाली. डोमाजीने कानामागे हात धरला. कौसाबाई पुन्हा बोलली, अधिक मोठ्याने.

"जिनं नवऱ्याले खाल्लन, तिच्यासंग आमी नाही रोवत."

डोमाजीचा हात खाली आला.

"पोरगा माहा मेला," तो म्हणाला. "मी तिले काही बोललो नाही. तुमी काऊन बोलून राहिल्या?"

बायका गेल्या. आमच्याकडे पुरुष नांगर धरतो. रोप लावत नाही. धुऱ्यावर जमलेल्यांपैकी एकाने त्याला लुगडे नेसायला सांगितले. डोमाजीने धोतर खोचले, एक पेंढी उचलली आणि सुनेपासून चार हात अंतर ठेवून वाकला.

सायत्रा सासऱ्यासमोर कधी बोलत नसे. डोक्यावरचा पदरही ढळू देत नसे. आता दोन्ही हात चिखलात होते आणि पदर खांद्यावर आला होता.

"मामाजी, इतका खोल नोका रोवू," ती म्हणाली. धुऱ्यावर सगळ्यांना ऐकू गेले.

"बरं बाई," डोमाजी म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत ती बांधी रोवून झाली. डोमाजीच्या ओळी वाकड्या होत्या.