पियानो बिघडवायचं काम

शाळेच्या सभागृहातला उजवीकडचा पियानो उतरला आहे, हे ट्यूनरकाकांना पहिलीच पट्टी दाबल्यावर कळलं. डावा अगदी ठणठणीत होता, उजवा मात्र लागूनच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या बरोबर अर्ध्याने खाली. नवल म्हणजे झाडून सगळ्या तारा सारख्याच उतरल्या होत्या. दमट हवेने पियानो उतरतात, पण इतक्या शिस्तीत उतरलेला पियानो काकांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी त्या हवेचं मनातल्या मनात कौतुक केलं, बाह्या सरसावल्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पियानो वर चढवून दिला. संध्याकाळी तिथे संगीताच्या सरांचा कार्यक्रम होता. सरांना न विचारताच, आपल्याकडून तेवढीच मदत म्हणून, मुख्याध्यापिकाबाईंनी काकांना बोलावलं होतं.

काका घरी ताटावर बसतात न बसतात तोच सरांच्या बायकोचा फोन आला. सरावाला म्हणून ती सभागृहात आली होती आणि उजवा पियानो वर चढलेला तिला ऐकू आला होता. मग कळलं, की तो पियानो सरांनी स्वतः आठवडाभर खपून, मुद्दाम, एकेक तार कानाशी घेऊन उतरवला होता.

काका अर्ध्या जेवणावरून उठून परत आले. सरांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्यांना सगळं समजावून सांगितलं. सप्तकात बारा सूर असतात. सरांच्या रचनेत प्रत्येक दोन सुरांच्या मधोमध आणखी एक सूर होता, म्हणजे चोवीस. नेहमीचे बारा डाव्या पियानोवर, मधले बारा उजव्यावर. हे कागदावर उतरवायला नेहमीची चिन्हं पुरत नाहीत, म्हणून वहीत कुठे सूर चढवणाऱ्या शार्पच्या चिन्हाचा एक पाय काढलेला, तर कुठे सूर उतरवणारं फ्लॅटचं चिन्ह पाठ फिरवून उभं. ही रचना लिहिण्यात सरांची कित्येक वर्षं गेली होती आणि ती लोकांना ऐकवायला ही एकच संध्याकाळ मिळाली होती. सर शिकवण्या आटोपून थेट कार्यक्रमालाच येणार होते. त्याआधी पियानो खाली आला नाही, तर सगळं मुसळ केरात.

"वहिनी, पियानो बिघडवायला मला आजवर कुणी बोलावलं नाही," काका म्हणाले. "इथले पियानो मी लावतो हे सगळ्यांना माहितीये. लोक काय म्हणतील?"

"बिघडवायचा नाहीये, काका. मधे न्यायचाय."

काकांच्या अगदी जिवावर आलं. तरी त्यांनी तारा उतरवायला घेतल्या. काम संपल्यावर वहिनींनी दोन्ही पियानोंच्या मधे उभं राहून तीन सुरांचा मेळ वाजवला. मधला सूर जरा वर असला की मेळ हसरा लागतो, खाली असला की रडवेला. काकांनी जन्मभर हे दोनच ओळखले होते. हा तिसराच निघाला. हसत नव्हता, रडत नव्हता, नुसता शांतपणे समोर उभा होता.

"परत वाजवा," काका म्हणाले. मग आणखी एकदा म्हणाले. हे सगळं डोक्यात ऐकून कागदावर मांडणाऱ्या त्या माणसापुढे हात जोडावेत असं त्यांना मनापासून वाटलं.

दोघं कपडे बदलायला घरी गेले आणि मुख्याध्यापिकाबाई खुर्च्या लागल्यात का ते बघायला आल्या. सहज म्हणून त्यांनी दोन्ही पियानोंवर एकेक पट्टी दाबली आणि दचकून हात मागे घेतला. काकांचं वय झालं, लावायला आले आणि बिघडवून गेले! बाई मनाने फार चांगल्या, आणि घोटाळा तिथेच होता. त्यांनी कुठे बोभाटा केला नाही. गुपचूप दुसऱ्या ट्यूनरला बोलावून उजवा पियानो पुन्हा वर चढवून घेतला. त्याची तारा पिळायची किल्ली पियानोतून बाहेर पडते तोवर प्रेक्षक आत यायला लागले होते.

कार्यक्रमाला त्या मुद्दाम काकांच्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "काळजी करू नका. उजवा मी दुसऱ्याकडून नीट करून घेतलाय. कुणाला कळायचं नाही."

काका ताडकन बाईंकडे वळले. ते काही बोलणार तोवर सर आणि वहिनी वाजवायला बसलेही. पहिला मेळ उमटला तो स्वच्छ, गुळगुळीत, चारचौघांसारखा हसरा. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून काकांकडे पाहत पसंतीची मान हलवली. मंचावर सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि भरलेल्या सभागृहापुढे दुसरं काय करणार म्हणून तसेच वाजवत राहिले. वहिनींनी मान वर केली नाही.

काकांनी फक्त गप्प बसायचं होतं. त्यांच्या कामाची इतकी वाहवा आजवर झाली नव्हती. काका उभे राहिले.

"सर, थांबा," ते म्हणाले. "दोन्ही पियानो जुळलेत. असे चालायचे नाहीत."

सभागृहात हशा पिकला. काका खिशातून किल्ली काढत मंचावर चढले, तासभर लागेल म्हणाले आणि उजव्या पियानोचं झाकण उघडलं. काही लोक उठून गेले, बरेचसे गंमत बघायला थांबले. सर शेजारी उभे राहून एकेक पट्टी दाबत होते आणि मधूनमधून बाहीने डोळे पुसत होते.

शेवटची तार उरली तेव्हा मुख्याध्यापिकाबाई पलीकडच्या बाईंच्या कानाला लागून, अगदी श्वासाच्या आवाजात म्हणाल्या, "बिचाऱ्यांचे कान पार गेलेत हो."

काकांना ते मंचावर स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी ती तार आणखी केसभर खाली घेतली आणि सरांना म्हणाले, "हं, आता वाजवा."