खांब हलवू नये

फाटक उघडायला सासऱ्यांनी हात लावला आणि फाटक खांबासकट त्यांच्या अंगावर आलं. सासरे चाळीस वर्षं मुरलेले सुतार, त्यामुळे डगमगले नाहीत. त्यांनी फाटक भिंतीला टेकवलं, रिकाम्या खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि जावयाकडे वळले.

“जावईबापू, हा खांब पुरला होता की नुसता उभा केला होता?”

जावई घड्याळं दुरुस्त करायचा. चिमट्याहून जड हत्यार त्याच्या हाताला माहीत नव्हतं. आणि सासऱ्यांना दिसेल ती वस्तू हलवून बघायची खोड. खुर्ची हलवल्याशिवाय ते बसत नसत. लग्न ठरवायला आले तेव्हा त्यांनी जावयाचा खांदाही धरून हलवला होता आणि “बरा आहे” असं काहीसं पुटपुटले होते. त्या ‘बरा’वर जावयाचा सहा वर्षं संसार चालला होता.

“पुढच्या रविवारी येतो,” सासरे म्हणाले. “तेव्हाही हलला, तर मीच बसवणार. तुम्ही फक्त मला पहार द्यायची.”

अख्ख्या गल्लीच्या देखत सासऱ्यांना पहार द्यायची, ही कल्पनाच जावयाला सोसेना. शनिवारी त्याने दुकान बंद ठेवलं, मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, अडीच फूट खड्डा खणला, खांबाच्या बुडाला डांबर फासलं आणि भोवती काँक्रीट ओतलं. वर पाटी अडकवली: ‘काँक्रीट ओलं आहे. खांब हलवू नये.’

तो हात धुऊन येतो तर पोस्टमन खांब हलवत होता.

“पाटी वाचली नाहीत?”

“वाचली ना. खरंच ओलं आहे का, बघत होतो.”

पोस्टमन गेला तसा दूधवाला आला. त्याने नुसती सायकल टेकवली, पण किटल्यांसकट. मग शेजारचे निवृत्त मास्तर आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी खांब गदगदा हलवला.

“मास्तर, अहो काय करताय?”

“खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात. तेवढाच शेजारधर्म.”

दुपारपर्यंत काँक्रीट आवळलं, पण खांबाला सोडून. मध्ये बोटभर फट, आणि त्यात खांब पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. जावई पायरीवर डोकं धरून बसला. आता उद्या पहार द्यायची वेळ चुकत नाही, हे त्याला कळून चुकलं.

बायको बाहेर आली. तिने खांब हलवला. शेवटी सुताराचीच लेक.

“बाबा खांब काँक्रीटमध्ये पुरत नाहीत. वीतभर खडी-माती भरायची, पहारेने ठोकायची, खांब हलवायचा, फट पडेल तिथे पुन्हा भरून ठोकायची. मास्तरांची म्हण अर्धीच आहे.”

“हे सकाळी का नाही बोललीस?”

“तुम्ही व्हिडिओला विचारत होतात. मला कुठे विचारलंत?”

काँक्रीट अजून कच्चं होतं, म्हणून तासाभरात फुटून निघालं. दोघांनी खडी-माती भरली. आता हलवणारे हवे होते. बायकोने पाटी पुसून नवीन लिहिली: ‘खांब हलवून पाहावा.’

अर्धा तास चिटपाखरू फिरकलं नाही. पोस्टमन परत जाताना पाटी वाचून पलीकडच्या कडेने गेला. मास्तर म्हणाले, “नको बाबा, मोडला तर माझ्यावर यायचं.”

बायकोने पाटी पुन्हा उतरवली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: ‘हात लावण्यास सक्त मनाई.’

मग मात्र जत्रा लोटली. शिंपी आला, त्याच्या दोन मेहुण्या आल्या, मास्तर तर सात वेळा आले. जो तो इकडेतिकडे बघून खांब हलवी. तो वळला की फाटकामागे दडलेली बायको फटीत मूठभर खडी टाकी आणि जावई पहारेने ठोकी. पहार त्याच्या हातात होती आणि ती कोणाला द्यायची नव्हती, त्यामुळे त्याला विलक्षण जोर चढला होता. दिवेलागणीला मास्तरांनी शेवटचा हिसका दिला, तेव्हा खांब जागचा हलला नाही. मास्तरच हलले.

रविवारी सासरे आले. त्यांनी एका हाताने खांब हलवला, मग दोन्ही हातांनी. मग पिशवी खाली ठेवून खांदा लावला. गल्ली आपापल्या दारांत श्वास रोखून उभी होती. खांब ढिम्म. सासऱ्यांनी खिशातून ओळंबा काढून धरला. दोरी खांबाला समांतर राहिली.

“कोणी बसवला?”

“मी,” जावई म्हणाला. मग बायकोकडे बघून त्याने जरा दुरुस्ती केली. “आम्ही.”

“माझे त्यात सात हिसके आहेत,” पलीकडून मास्तर म्हणाले.

सासऱ्यांनी ओळंबा गुंडाळून खिशात ठेवला. मग त्यांनी जावयाला बाजूला घेतलं आणि लेकीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, “माझ्या परसातले चौदाच्या चौदा खांब खिळखिळे झालेत. काही कळत नाही. रोज सकाळी स्वतः एकेक हलवून बघतो मी. पुढच्या रविवारी येता का?”

जावयाला वाटलं, आपली उंची निदान वीतभर वाढली.

“येतो की,” तो म्हणाला. “पण बाबा, तोवर एक करा. तुम्ही हात लावू नका.”

सासऱ्यांनी निमूट मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ते घरात गेले. आत त्यांची नेहमीची खुर्ची होती. ते तिच्यात तसेच बसले.