बाईला दम घेऊ द्या

बरोब्बर चार वाजता आमचा कॉम्प्युटरवाला घरत सगळं ऑफिस बंद पाडायचा. रोज!

हातातली पितळी घंटा बडवत गरजायचा, "सेव्ह करा, सेव्ह करा! बाईला दम घेऊ द्या!" की सगळ्यांचे पडदे काळे.

बाई म्हणजे आमचा डेटाबेस. न्हावा शेव्याला उतरलेला कुठला कंटेनर कुठे उभा आहे, हे पनवेलच्या आमच्या ऑफिसात फक्त तिलाच ठाऊक. फुकटातला, कोड साऱ्या जगाला उघडा, कुणीही दुरुस्त करावा, म्हणून साहेबांचा भारी लाडका. खोड एकच: ती मेमरी घेत सुटायची आणि काम झालं तरी सोडायची नाही. संध्याकाळपर्यंत मशीन गुदमरून आडवं. म्हणून घरतचा तोडगा: चारला आपणच तिला बंद करायचं, अर्ध्या तासाने उठवायचं.

"आमच्या जमिनीसारखा हाय," तो समजावायचा. "घेतली ती घेतली. परत द्यायचं नाव नाय." तो उलव्याकडचा. गाव विमानतळात गेलेलं, त्यामुळे या विषयात त्याचा अधिकार मोठा.

साहेबांनी एकदा टायवाला सल्लागार आणला. तो म्हणाला, मेमरी दुप्पट करा.

"दुप्पट वाढा, दुप्पट खाईल," घरत म्हणाला. "च्या घ्या तुमी."

चहा हा या तोडग्याचा खरा गाभा. मागच्या पायऱ्यांवर घरत गवती चहा टाकून पातेलं चढवायचा. "शिंदेबाई, सरका. साहेब, तुमीपन बसा. बाई झोपलीय, हुकूम कोनाला सोडनार?" आणि साहेब चक्क बसायचे!

पुतणीच्या लग्नाला तो तीन दिवस रजेवर गेला. जाताना घंटा माझ्याकडे सोपवली. मी पहिल्याच दिवशी विसरलो! साडेपाचला आठवलं, धावत गेलो, तर बाई ठणठणीत. मग पुढचे दोन दिवस मुद्दाम वाजवली नाही. तरी ठणठणीत. संशय आला म्हणून मी नव्या आवृत्तीतल्या दुरुस्त्यांची यादी उघडली. मेमरीची खोड दुरुस्त. करणारा: जी. घरत, पनवेल. आणि ती आवृत्ती आमच्या मशीनवर आठ महिन्यांपूर्वीच बसवलेली!

आठ महिने हा माणूस धडधाकट बाईला झोपवत होता! भर ऑफिसात त्याचं बिंग कसं फोडायचं, याची मी आरशासमोर तालीमसुद्धा केली.

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला घरत लाडू घेऊन आला. बाईची चौकशी नाही, काही नाही. पहिला प्रश्न: "चारला बसलात ना सगले?"

"नाही रे. जो तो आपापल्या टेबलावर."

त्याने लाडवांचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. "कामोठ्याला फ्लॅट घेतला, दोन वर्सं झाली," तो म्हणाला. "समोरच्याचं नाव म्हाईत नाय मना. गावाला चार वाजले की आख्खी आळी आमच्या ओट्यावर."

तेवढ्यात साहेब आले. "काय हो, तीन दिवस बंद केली नाही, तरी बाई पडली नाही. मग ती घंटा काढून टाकायची का?"

घरत डब्याचं झाकण लावू लागला.

"काढायची?" मी ओरडलो. "साहेब, तीन दिवस जीव मुठीत धरून होतो! कालच जाणार होती, थोडक्यात वाचली!"

चारला पाच मिनिटं कमी होती. मी घंटा बडवली.