बोंबलाच्या पुडीवरचा महेश

चिंचणीला नारायणकाकांकडे सुके बोंबील घ्यायला गेलात, तर पुडीवरून एक टकलू गृहस्थ तुमच्याकडे बघून हसेल. तो काकांचा मुलगा महेश. बंगळूरला मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीचा सर्वेसर्वा. त्याची मुलाखत छापून आली की काका बोईसरहून पेपरांचा गठ्ठा आणतात आणि प्रत्येक पुडी अशी बांधतात की फोटो बरोबर वर येतो.

मी शेजारी राहणारा शाळामास्तर. एकदा विचारलंच. "फोटोचा कागद जाड हाय, मास्तर. वास बाहेर येत नाय," काका म्हणाले. साफ थाप!

मुलाचं कौतुक तोंडावर केलेलं मात्र त्यांना खपत नाही. "आपल्याला काय!" हे ठरलेलं उत्तर. महेशला बक्षीस मिळालं? आपल्याला काय! महेश टीव्हीवर आला? आपल्याला काय! असं म्हणत टीव्हीचा आवाज एवढा मोठा करतात की माझ्या घरात वेगळा टीव्ही लावावा लागत नाही. काकी गेल्यापासून त्या घरात तेवढाच काय तो आवाज.

पंचाईत एकच आहे. महेश प्रत्येक मुलाखतीत तोच किस्सा सांगतो. दहावीच्या वर्षी मामाने दिलेला हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम बापाने समुद्रात भिरकावला आणि त्याच दिवशी त्याने ठरवलं, मोठेपणी आपणच गेम बनवायचे. पेपरवाल्यांना हा किस्सा भारी आवडतो. गावाने त्यावरून काकांना पार हैराण केलंय. काका एवढंच म्हणतात, "खोटं हाय. समुद्रात नाय, खाडीत टाकला."

मागे एका पेपरची बातमीदार मुलगी थेट काकांचीच बाजू ऐकायला आली. काकांनी इस्त्रीचा सदरा चढवला, मला सोबतीला बसवलं. म्हटलं, आज म्हातारा सगळं स्वच्छ सांगणार.

"काका, तुम्ही खरंच तो गेम समुद्रात फेकलात?"

"फेकला."

मी चमकलो. खाडीसुद्धा गेली!

"नंतर वाईट नाही वाटलं?"

"नाय."

मुलगी काकांचा फोटो काढून खूश होऊन गेली. मी मात्र चिडलो. "अहो, निदान खाडी तरी सांगायचीत!"

काका पुड्या बांधायला बसले. एका पुडीला गाठ मारत म्हणाले, "ओहोटी लागली तसा गेलेलो चिखलात शोधायला. गावला. गोड्या पाण्यानं धुतला नि बोंबील सुकवायच्या वलांडीवर टांगला उन्हात. म्हटलं, सुकला की चालेल."

"मग?"

"बोंबील सुकले. तो काय चालला नाय."

मला हसू आलं. "महेशला माहीत आहे हे?"

"नाय. तो रुसून मामाकडे सफाळ्याला गेलेला. आता कशाला सांगायचं? पोराची गोष्ट पेपरात चांगली बसलीय. आपण मधी पडलो तर मोडेल."

रविवारच्या पुरवणीत बापलेकांचे फोटो शेजारी शेजारी आले. वर ठळक मथळा, 'कठोर बाप, कर्तबगार मुलगा'. काकांनी नेहमीसारखा गठ्ठा आणला. मी बोंबील मागितले, तेव्हा त्यांनी पान मधोमध दुमडलं आणि पुडी बांधली. महेश वर आला. काका आत, बोंबलांच्या अंगाला.