टिकली नसलेला रोल

"व्हिएन्नाला जाऊन राजवाडे कुणीही बघेल हो! बसमधून उतरलं की राजवाडा समोरच उभा, तो काय पळून जातोय? डोकं लागतं ते गल्लीबोळातली म्युझियमं शोधून काढायला!"

जगन्नाथ टिपणीसांनी हे वाक्य त्या वसंतात इतक्या जणांना ऐकवलं, की जर्सी सिटीतली मराठी माणसं त्यांचा फोन आला की आधी खुर्ची ओढून घ्यायला लागली. शेवटी मंडळाच्या सेक्रेटरी नीलामावशी शरण आल्या. "जगन्नाथराव, एकेकाला सांगून दमाल. लायब्ररीचा हॉल घेतलाय, सगळ्यांना एकदमच स्लाइड्स दाखवा. पण तासभर हं! नंतर बटाटेवडे आहेत."

हे ऐकून जगन्नाथरावांच्या मुलीला, विनीताला, इतकं हायसं वाटलं की ती फोनवर नुसतीच "थँक यू मावशी, थँक यू" म्हणत राहिली. आई ऑक्टोबरमध्ये गेली. तेव्हापासून बाबा हवेबद्दल बोलत, ट्रेनबद्दल बोलत, लिफ्टच्या आवाजाबद्दल तर फारच बोलत. आईबद्दल अवाक्षर नाही. त्यांचाही दोष नव्हता. जन्मभर त्यांनी आईला "अगं" अशीच हाक मारली आणि आईने त्यांना "अहो". शोभा हे नाव फक्त बँकेत आणि पासपोर्टवर. आता "अगं" म्हणावं तर ओ द्यायला कुणी नाही, आणि नाव घ्यायची जिभेला सवय नाही. मग माणसाने बोलावं तरी कसं? बोलता बोलता आई समोर आली की बाबा वाक्यासकट वळसा घालायचे, आणि तो वळसा इतका लांबचा असायचा की परत येईपर्यंत आमटी गार!

फेब्रुवारीत पुण्याहून परत येताना बाबा आणि विनीता वाटेत व्हिएन्नाला उतरले. हे आईच्या मनात फार होतं. "मोठ्या म्युझियममध्ये पाय दुखतात. मला ती लहान लहान बघायचीत," असं ती लायब्ररीतलं पुस्तक मांडीवर ठेवून म्हणायची. तिथे घड्याळांचं म्युझियम होतं, पृथ्वीच्या गोलांचं होतं, आणि चक्क अंत्यविधींचंही होतं. त्या शेवटच्यावर तर आई पोट धरून हसली होती. "तिथे जायचंच हं, अहो!" बाबा तिन्ही ठिकाणी गेले, आणि परत आले ते बोलतच आले. विनीताला कारण कळलं नाही, तिने विचारलंही नाही. तिला एवढंच कळत होतं की हा कार्यक्रम नीट पार पडला पाहिजे. फसला, तर बाबा पुन्हा वर्तमानपत्राच्या मागे जाऊन बसतील, आणि या खेपेला त्यांना बाहेर काढायला दुसरं व्हिएन्ना कुठून आणायचं?

आता बाबांच्या फोटोग्राफीविषयी थोडं सांगायला हवं. त्यांचा कॅमेरा जुना, दणकट. त्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. म्हणजे लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतच राहणार! पण बाबा ते विसरणाऱ्यातले नव्हते. म्हणजे असं त्यांचं म्हणणं होतं.

रोल मात्र फ्रिजमध्ये, बटरच्या कप्प्यात. रोल संपला की बाबा तो उलटा गुंडाळून घ्यायचे, पण फिल्मचं शेपूट मुद्दाम बाहेर ठेवायचे. "पूर्ण आत गेला तर लॅबवाल्यांना उगाच खटपट!" त्यामुळे भरलेला रोल आणि कोरा रोल दिसायला अगदी जुळे भाऊ. ओळख पटावी म्हणून भरलेल्या रोलला टिकली लावायचं खातं आईचं. लाल, गोल, ठसठशीत. लॅबवाला बिचारा वर्षानुवर्षं समजत होता, हा यांचा काही धार्मिक विधी असावा.

पुण्याला निघताना बाबांनी बटरच्या कप्प्यातून व्हिएन्नासाठी एक रोल उचलला, उलटसुलट करून पाहिला. टिकली नाही. म्हणजे कोरा!

परत आल्यावर तो रोल कॅमेऱ्यातच पडून राहिला, कारण अजून दोन फोटो शिल्लक होते. ते वाया घालवायचे म्हणजे काय! अखेर पार्किंग लॉटचे दोन काढून रोल लॅबला गेला आणि स्लाइड्सचा डबा ऐन कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी पोस्टाने आला.

"बाबा, एकदा बघून घेऊ या ना."

"कशाला? काढलेत कुणी? मी! मग?"

एवढं बोलून त्यांनी स्लाइड्स प्रोजेक्टरच्या गोल ट्रेमध्ये खटाखट भरल्याही.

हॉल गच्च भरला होता. बटाटेवड्यांच्या वासाने पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघत होती, म्हणजे श्रोत्यांची तोंडं बहुतांशी चुकीच्या दिशेला होती. विनीताने दिवा मालवला आणि प्रोजेक्टरचं बटण हातात घेतलं. बाबा सूटबूट घालून, हातात पट्टी घेऊन पडद्यापाशी उभे राहिले.

"मित्रहो, हे व्हिएन्नाचं घड्याळांचं म्युझियम!"

खटक्. पडद्यावर म्युझियम उलटं लटकलं. हशा.

"विनीता, स्लाइड फिरव!"

तिने फिरवली. मग हशा थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

भिंतभर घड्याळं होती खरी. पण त्या घड्याळांच्या मधोमध, अर्धवट पारदर्शक, पदर खोचून, हातात झारा घेऊन आई उभी होती! आईच्या कपाळावर, बरोबर टिकलीच्या जागी, एक गलेलठ्ठ सोनेरी घड्याळ होतं. तिचा पुढे केलेला तळवा सरळ श्रोत्यांकडे रोखलेला. कॅमेरा दिसला की ती हात असाच करायची: पुरे आता.

विनीताचा अंगठा बटणावर गोठला. गणपतीच्या वेळचा रोल! बाबांनी कॅमेरा साफ करून आणला होता आणि चकल्या तळणाऱ्या आईवर तो तपासून पाहिला होता. नंतर दवाखान्याची धावपळ सुरू झाली. त्या रोलला टिकली लावायचं राहूनच गेलं होतं, आणि व्हिएन्ना त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा उमटलं होतं.

"ममी, इज शी अ घोस्ट?" एका छोट्या मुलीचा खणखणीत आवाज आला.

"नो, नो," बाबा पडद्याकडे बघत गोंधळून म्हणाले, "शी इज फ्राइंग."

विनीताला वाटलं, दिवा लावावा. फ्यूज उडाला म्हणावं. बटाटेवड्यांना आग लागली म्हणावं! पण बाबांनी पट्टी वर केली. "पुढची."

खटक्. पृथ्वीच्या गोलांचं म्युझियम. एका प्राचीन गोलावर, आफ्रिकेपासून थेट भारतापर्यंत, एक भलीमोठी चकली पसरली होती.

"हा... हा गोल फार जुना," बाबा म्हणाले. "त्या काळी नकाशे तितकेसे अचूक नव्हते."

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. खटक्. कढई आणि दक्षिण ध्रुव. खटक्. आईच्या चष्म्यात दोन समुद्र. बाबा घाम पुसत होते, पण शिकवलेल्या पोपटासारखे पाठ केलेलं बोलतच होते. थांबायचं कुठे हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अंत्यविधींचं म्युझियम तेवढं वगळा, असं विनीताने आठवडाभर विनवलं होतं. ते आता गाडीसारखं समोरून येत होतं.

"आणि शेवटी, या शहरातलं सगळ्यांत अजब म्युझियम! इथे एक दोरी आहे. पूर्वी लोकांना धास्ती असायची, की चुकून जिवंतपणीच पुरलं तर? म्हणून मृताच्या हाताला दोरी बांधायचे आणि वर घंटा. आत गेलेला माणूस परत आला, की घंटा वाजणार! बघा!"

खटक्.

पडद्यावर ना दोरी, ना घंटा, ना व्हिएन्ना. होती फक्त आई. लख्ख, स्वच्छ, हॉलच्या भिंतीएवढी. हातातला झारा खाली केलेला, तळवाही खाली, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या माणसाकडे बघून ती खदखदून हसत होती.

त्या म्युझियममध्ये बाबा लेन्सचं झाकण काढायला विसरले होते.

हॉलमध्ये बहुतेक सगळे तिला ओळखत होते. ओळखत नव्हते ते एकटे दिगंबरराव. ते नागपूरहून महिन्यापूर्वीच आले होते.

"वा, वा!" ते म्हणाले. "काय प्रसन्न बाई आहेत! या कोण हो? तिथल्या मंडळाच्या का?"

नीलामावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बटाटेवडा असता तर तिथेच करपला असता. बाबांनी तोंड उघडलं. "या... म्हणजे आमच्या... आमच्याकडे ज्या..." विनीताला तो वळसा सुरू होताना स्पष्ट दिसला. आता हे थेट ट्रेनच्या वेळापत्रकापर्यंत जाणार, आणि तिथून घरी, आणि वर्तमानपत्राच्या मागे. तिने डोळे मिटले.

"जगन्नाथराव!" नीलामावशींचा आवाज. "भर सभेत बायकोला पडद्यावर उभी केलीत. आता असं चालणार नाही. नाव घ्या!"

कोपऱ्यातून एका काकूंनी उचलून धरलं, "नाव घ्या!" आणि लग्नाच्या पंगतीत उठावा तसा सगळा हॉल उठला. "नाव घ्या! नाव घ्या!" उखाणा म्हणजे काय ते ठाऊक नसलेली अमेरिकेत जन्मलेली पोरंसुद्धा टेबलं बडवत होती.

बाबांनी पट्टी खाली ठेवली. कोटाची बटणं लावली. घसा खाकरला. लग्नात नाव घेतलं, त्यानंतर आजच.

"व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये घड्याळं हजार,
तिकीट न काढता आमची शोभा सगळीकडे हजर!"

टाळ्यांच्या आवाजाने लायब्ररीवाली धावत आली. विनीताने डोळे उघडले तेव्हा बाबा रडत नव्हते. रडत होत्या नीलामावशी. बाबा पट्टी परत उचलून म्हणत होते, "विनीता, पहिल्यापासून लाव बरं. मी नीट सांगितलंच नाही. ही शोभा. हिला चकली तळताना मध्ये बोललेलं चालायचं नाही. एकदा काय झालं..."

सगळ्या स्लाइड्स पुन्हा पहिल्यापासून झाल्या. या खेपेला म्युझियमांबद्दल एक शब्द नाही! शोभाने बर्फातून चक्क शॉपिंग कार्ट घरापर्यंत कशी ढकलत आणली, शोभाने ट्रॅफिक पोलिसाला लाडू कसा दिला, शोभा, शोभा आणि शोभा. वडे गार झाले. नीलामावशींनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. पडद्यावरची घड्याळं पुरे होती. जाताना दिगंबररावांनी तेवढी एक शंका विचारली, "जगन्नाथराव, पण म्युझियममध्ये चकल्या तळू देतात?"

घरी आल्यावर विनीताने दूध ठेवायला फ्रिज उघडला. बटरच्या कप्प्यात आणखी एक रोल होता. शेपूट बाहेर, टिकली नाही.

"बाबा, हा भरलेला की कोरा?"

"कुणास ठाऊक." बाबा टाय सोडत होते.

"उद्याच लॅबला देते."

"छे छे! राहू दे तिथेच. शोभाला पॅरिसचीही लहान म्युझियमं बघायची होती. जाऊ तेव्हा हाच घालू."

विनीताने फ्रिजचं दार लावलं. "बरं. पण या वेळी लेन्सच्या झाकणाकडे मी लक्ष ठेवणार हं, बाबा."

"ठेव ना," बाबा म्हणाले. "चुकून कुणी काढलं तर!"